६,२०० च्या अलीकडे

आमच्या जावईबापूंच्या गाडीत बसायची एक रीत आहे. आधी दार पूर्ण उघडायचं. मग गाडीकडे पाठही करायची नाही आणि तोंडही करायचं नाही, खांदा करायचा. उजवा पाय आत, जाईल तितका. मग उंबरठ्यावर बूड टेकायचं. हो, या गाडीला उंबरठा आहे, आणि तो वाड्याच्या दिंडीला शोभेल असा आहे. तिथे घटकाभर बसून श्वास घ्यायचा, हनुवटी छातीला लावायची आणि देवाचं नाव घेऊन आत घसरायचं. जिथे पडता ती सीट. शेवटी बाहेर राहिलेला डावा पाय दोन्ही हातांनी उचलून आत घ्यायचा, सामानातला विसरलेला नग असावा तसा.

लंडनला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी जावईबापूंनी हे सगळं घरासमोर दोनदा करून दाखवलं. सौभाग्यवती दारात उभ्या राहून बघत होत्या. प्रात्यक्षिक संपल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "मी ट्यूबनं येत जाईन." आणि गाडीला सीटा दोनच असल्यामुळे तीन महिने जावयाशेजारी बसायचा मान माझ्याकडे आला.

गाडीचं नाव लोटस एक्सिज एस. २००७ सालची, सेकंडहँड घेतलेली. लोटसवाल्यांचा एक कुळाचार आहे, गाडीचं नाव इंग्रजी 'ई' अक्षरावरून ठेवायचं. एलिट, एलान, एस्प्री, एलिस, एव्होरा. पत्रिकेत एकच अक्षर आलेलं घराणं. त्यातली एलिस १९९६ ची. कंपनीच्या तेव्हाच्या अध्यक्षांच्या नातीचं नाव एलिसा, त्यावरून ते पडलं. एक्सिज तिची धाकटी बहीण, २००० साली आलेली. थोरली तशी मनमिळाऊ, छत उघडून हवा खाणारी. धाकटीच्या डोक्यावर कडक छप्पर, मागे पंख, आणि जन्मच मुळी शर्यतीच्या मैदानाचं ध्यान डोळ्यापुढे ठेवून झालेला. रस्त्यावर चालवायची परवानगी आहे, इतकंच.

लोटस म्हणजे कमळ. कमळात लक्ष्मी बसते असं आपण मानतो. या कमळापायी ती उठून जाते, असं माझ्या लेकीचं म्हणणं.

आणि अशी गाडी घेणारा माणूस कोण, तर विमा कंपनीत जोखमीचे हिशेब करणारा. छत्री घेतल्याशिवाय घराबाहेर न पडणारा. दूध उतू जाऊ नये म्हणून गॅसपाशी उभा राहणारा. वर्षातून दोनदा तो केंटमधल्या ब्रँड्स हॅचच्या ट्रॅकवर गाडी मनसोक्त पळवतो. उरलेले ३६३ दिवस तीच गाडी किंग्जबरीहून ईलिंगला ऑफिसला, शनिवारी भाजीला आणि रविवारी देवळात जाते. दुसरी गाडी नाही, कारण ती लावायला जागा नाही.

"पैठणी नेसून भांडी घासतात तुमचे जावई," सौभाग्यवती म्हणाल्या. जावई काही चांगलं करत असले की ते 'आमचे' असतात.

मी मात्र सासऱ्याला साजेशा गांभीर्यानं चौकशी केली. इंजिन कुणाचं? "टोयोटाचं आहे बाबा, १८०० सीसी. सेलिकात असायचं तेच. फक्त याला सुपरचार्जर आहे." माझा जीव भांड्यात पडला. आत टोयोटा आहे म्हणजे आपल्या इनोव्हाची मावसबहीण. बाहेरून कितीही नखरे केले तरी संस्कार घरचे. प्रदूषणाचा कर? २०२३ च्या ऑगस्टपासून अख्ख्या लंडनला तो लागू आहे, पण ही गाडी त्याच्या नियमांत बसते. पेट्रोल? वजनच कमी, त्यामुळे फार नाही. गाडी भरते ९३५ किलो, पुण्यातल्या आमच्या स्विफ्टच्या आसपास. मात्र घोडे २१८, स्विफ्टच्या दुपटीहून जास्त.

वजन कमी ठेवणं हा या लोकांचा धर्मच. अ‍ॅल्युमिनियमचे तुकडे एकमेकांना चिकटवून सांगाडा केलेला आहे. चिकटवूनच, वेल्डिंग नाही. त्याचं वजन सुमारे ६८ किलो. माझं बहात्तर. हे कळल्यापासून गाडीत बसताना मला अपराधी वाटायला लागलं. जावईबापू काही बोलायचे नाहीत, पण मी दुसऱ्यांदा वरणभात वाढून घेतला की त्यांची नजर क्षणभर माझ्या ताटावर थबकते, असा मला संशय होता.

आता या गाडीतली मुख्य गोष्ट. इंजिनातल्या झडपा उघडायला ज्या दांड्यावर उंचवटे असतात, ते यात दोन जातींचे आहेत. एक रोजचे आणि एक सणाचे. मिनिटाला ६,२०० फेऱ्यांपर्यंत रोजचे काम करतात. काटा त्याच्या पुढे गेला की आतल्या आत एक पिन सरकते आणि सणाचे कामाला लागतात, झडपा जास्त उघडतात, आणि मग म्हणे हे वेगळंच इंजिन होतं. "म्हणे" म्हणतो, कारण किंग्जबरीत ते ऐकू येण्याचा संभव नाही. आमच्या आळीत वेगमर्यादा ताशी २० मैल, म्हणजे ३२ किलोमीटर. त्या वेगाला काटा दुसऱ्या गिअरमध्ये २,५०० च्या जवळपास घोटाळत असतो. वर सगळी तबकडी मोकळी. बैठकीला तंबोरे लागताहेत, माणसं सरसावून बसली आहेत, पानदान फिरतंय, आणि गवई काही येत नाही. रोज सकाळी साडेसातला तंबोरे लावायचे, सव्वाआठला ऑफिसच्या पार्किंगमध्ये गवसणी घालायची.

मी सुट्टीवरचा माणूस, त्यामुळे कधीकधी ईलिंगपर्यंत त्यांच्याबरोबर जायचो आणि बसनं परत यायचो. घर ते मोठा रस्ता एवढ्या अंतरात नऊ स्पीडब्रेकर. इंग्रज लोक त्यांना 'झोपलेला पोलीस' म्हणतात. आमच्याकडचे पोलीस झाडामागे जागे असतात आणि स्पीडब्रेकरच झोपेत केल्यासारखे असतात, तो भाग वेगळा. इथे १९९९ च्या नियमांप्रमाणे स्पीडब्रेकरची उंची १० सेंटीमीटरच्या वर जाऊ शकत नाही. आपल्या इंडियन रोड्स काँग्रेसचा गोल स्पीडब्रेकरही कागदावर १० सेंटीमीटरच आहे. कागदावर.

तर या गाडीचं पोट जमिनीपासून वीतभरही वर नाही. प्रत्येक झोपलेल्या पोलिसापाशी जावईबापू जवळजवळ थांबतात, चाक वळवतात आणि गाडी तिरपी काढतात, एकेक पाऊल टाकत, झोपलेल्या माणसाला ओलांडून जावं तसं. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला भडभडून आलं. ही तर लक्ष्मी रोडच्या रिक्षावाल्याची कला! मनुष्य सातासमुद्रापलीकडे जातो, विम्याच्या परीक्षा देतो, आणि शेवटी त्याच्या कामी येतं ते पुण्याचं पाणी.

गाडीत बसल्यावर जग वेगळ्या पायरीवरून दिसतं. गाडीची एकूण उंची सव्वा मीटरहूनही कमी. हँगर लेनच्या चक्रात शेजारी लॉरी आली की मला तिच्या चाकाचे नट मोजता येतात, ड्रायव्हर दिसतच नाही. लाल दुमजली बस उभी राहिली की तिच्या खालच्या मजल्यावरची पोरंसुद्धा काचेला नाक लावून खाली बघतात, विहिरीत कासव बघावं तसं. एकदा सिग्नलला एका पोरानं आपली हॅचबॅक शेजारी लावून गुरगुरवली. जावईबापूंनी सज्जनपणे त्याला हात केला, हिरवा झाला, आणि त्या गडबडीत क्लच सुटून आमची गाडी बंद पडली. पोरगा निघून गेला. जावईबापू म्हणाले, "बरं झालं. पुढे कॅमेरा आहे."

मागे वळून बघायची सोय नाही. म्हणजे आरसा आहे, काचेवर मधोमध, रीतसर. पण त्यात मागचा रस्ता दिसत नाही, इंजिनावरचा इंटरकूलर दिसतो. आत्मपरीक्षणाला उत्तम, पार्किंगला निरुपयोगी. म्हणून घरासमोर गाडी मागे घ्यायची झाली की मी खाली उतरायचो. उतरायची रीत बसण्याच्या उलट आहे: डावा पाय फुटपाथवर, बूड उंबरठ्यावर, आणि मग हात जमिनीला टेकून वर. पाहणाऱ्याला वाटावं, लंडनच्या भूमीला वंदन करतोय. एकदा उभा राहिलो की मग मात्र मी राजा. "येऊ द्या... येऊ द्या... अजून येऊ द्या... डावीकडे मारा... बस्स!" आणि एसटीच्या कंडक्टरप्रमाणे गाडीच्या पाठीवर दोन थापा. पहिल्या दिवशी आतून केविलवाणा आवाज आला, "बाबा, थापा नको, फायबरची आहे." समोरच्या घरातल्या इंग्रज आजी कुंपण कापायचं थांबवून बघत राहिल्या. पुढच्या आठवड्यापासून मी "बस्स" म्हटलं की त्याही मान डोलवायच्या. ऑगस्टमध्ये एकदा मी दोन सेकंद उशीर केला, तर त्यांनीच "बस!" म्हटलं. अर्थात त्या इंग्रजी बस म्हणाल्या असतील. एक चाललीच होती तिकडून.

एका शनिवारी जावईबापू म्हणाले, चला, तुम्हाला हिचं माहेर दाखवतो. मला वाटलं नॉरफोक. तिथे हेथेलला, दुसऱ्या महायुद्धातल्या जुन्या विमानतळावर, लोटसचा कारखाना आहे. पण ते १९६६ पासूनचं. खरं माहेर निघालं उत्तर लंडनमध्ये, हॉर्न्सीला. कॉलिन चॅपमन नावाच्या तरुण इंजिनिअरनं १९४८ साली जुन्या ऑस्टिन सेव्हनची मोडतोड करून पहिली गाडी बनवली, तीही मैत्रिणीच्या आईवडिलांच्या घरामागच्या गॅरेजात. (त्या आईवडिलांबद्दल मला आपुलकी वाटते. आपल्याच अंगणात दुसऱ्याच्या पोराचा पसारा काय असतो, हे मी जाणतो.) पुढे १९५२ साली त्यानं कंपनी काढली, आणि कारखाना थाटला वडिलांच्या पबमागच्या घोड्यांच्या तबेल्यात. म्हणजे २१८ घोडे आत्ता आत आले, पण तबेला आधीपासून होता.

हॉर्न्सीच्या त्या टॉटनहॅम लेनवर आम्ही पाऊण तासानं पोचलो. बघायला काही नव्हतं. दुकानं, बसथांबा, शनिवारची गर्दी, आणि तासाला सात-आठ मैलांनी सरकणारी रांग. जावईबापू त्या रांगेत असे प्रसन्न बसले होते की जणू देवदर्शनाची बारी आहे. "ती मूळची लंडनचीच आहे बाबा," ते म्हणाले. "लोक म्हणतात शहरात ही गाडी कशाला. शहरातच झालीय ती." मी घरी फोन लावला आणि हे सांगितलं. सौभाग्यवती म्हणाल्या, "माहेरी नेलीत तर ओटी भरा. आणि येताना कोथिंबीर आणा."

मागच्या पंखाबद्दल सांगायचं राहिलं. वेगात असताना त्याच्यावरून जाणारा वारा गाडीला रस्त्यावर दाबून धरतो. ताशी ३२ किलोमीटरला तो काय करतो हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, तोवर सौभाग्यवतींनी एका उन्हाच्या दुपारी त्याच्यावर माझा पंचा वाळत घातला. लंडनचं ऊन फुकट घालवायचं नसतं.

डिकी इंजिनाच्याही मागे आहे. एक पिशवी आणि तिच्यावर एक हट्ट, एवढीच जागा. शिवाय इंजिनाची ऊब तिथे पोचते. जावईबापूंनी हे मला स्वच्छ सांगितलं होतं. तरीही जुलैत एका स्नेह्यांकडे जेवायला जाताना श्रीखंडाचा डबा डिकीतच ठेवायचा हट्ट मीच धरला, कारण मांडीवर डबा घेऊन बसलेला सासरा बरा दिसत नाही. तास-दीड तासाच्या ट्रॅफिकनंतर डबा उघडला तर आत पन्ह्यासारखं काहीतरी डुचमळत होतं. वाटीतून प्यायलं सगळ्यांनी. वेलची छान उतरली होती असं यजमानीणबाई म्हणाल्या.

या अनुभवातूनच गणेश चतुर्थीची कल्पना सुचली, आणि ती माझी नव्हे. डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे. मंडळ १९३२ सालचं, लंडनमधल्या मराठी माणसाचं हक्काचं आजोळ. तिथे नैवेद्याला म्हणून सौभाग्यवतींनी पहाटे उठून एकवीस उकडीचे मोदक केले होते. त्या आणि लेक ज्युबिली लाइननं निघाल्या. किंग्जबरी, वेम्ब्ली पार्क, नीझडन, की डॉलिस हिल. जाताना सौभाग्यवतींनी मोदकांचा डबा ओल्या फडक्यात गुंडाळला, स्वतः चालत गाडीमागे गेल्या आणि जावयाला म्हणाल्या, "उघडा ती डिकी."

आम्ही पोचलो तेव्हा त्या दोघी केव्हाच पोचून, चपला काढून, ओळखीच्या तीन बायकांशी बोलून झाल्या होत्या. उतरताना माझं ते भूमिवंदन झालं. गणपतीच्या दारात ते कुणाला खटकलं नाही. डबा उघडला. बाकीच्यांचे मोदक ट्यूबमधून, बसमधून आलेले, गार पडून पारी घट्ट झालेले. आमचे मऊ, चकाकणारे, बोटाला ऊब लागणारे. एका काकूंनी विचारलं, इथेच उकडले का? सौभाग्यवती म्हणाल्या, "नाही, जावयांच्या गाडीत." त्या दिवशी प्रथमच ते गाडीसकट त्यांचेही जावई झाले.

शेवटच्या रविवारी पहाटे साडेपाचला जावईबापूंनी माझ्या खोलीच्या दारावर टिचकी मारली. "बाबा, दूध संपलंय." दुधाचं दुकान कोपऱ्यावर आहे, सातला उघडतं. मी काही न विचारता स्वेटर चढवला.

वेस्टर्न अ‍ॅव्हेन्यूवर चिटपाखरू नव्हतं. कॅमेरे होते, आणि जावईबापू त्यांना ऑफिसातल्या साहेबांना ओळखावं तसे ओळखून होते. वीस-पंचवीस मिनिटांनी डेनहॅम आलं, जिथे एम-४० महामार्ग सुरू होतो. तिथे मर्यादा ७० मैलांची. त्यांनी चौकाला वळसा घातला, गाडी महामार्गावर चढणाऱ्या फाट्यावर घेतली, दुसऱ्या गिअरमध्ये, ३० मैलांवर, आणि मला विचारलं, "मान टेकली आहे ना मागे?"

टेकली होती. काटा वर निघाला. चार हजार. सुपरचार्जरची शिट्टी माझ्या मानेमागे बारीक होत गेली. पाच. सहा. आणि मग पिन सरकली असणार, कारण मागे कुणीतरी मांजरपाटाचं अख्खं ठाण एका झटक्यात फाडलं. आवाज बदलला नाही, माणूस बदलला. माझ्या पाठीनं सीटचा सांगाडा मोजला. जावईबापूंनी गिअर टाकला, पुन्हा तेच ठाण, आणि पाय उचलला. घड्याळावर बरोबर ७०. सगळं मिळून चारेक सेकंद.

मी त्यांच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर काही नव्हतं. दूध उतू न जाता गॅस बंद केल्यावर असतं तेवढंच समाधान. मला एकदम घरची आठवण झाली. दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड माझ्याकडे आहेत, आणि मी त्यांच्या जोरावर रोज वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवतो. 'झाडाचा अवयव, दोन अक्षरी.' याला पान किंवा मूळ, सात खंड लागत नाहीत. तरी उठून पाहतो. सौभाग्यवती त्यावरही बोलतात.

"परत एकदा?" मी विचारलं.

"पुढच्या चौकातून वळावंच लागेल," ते म्हणाले, जणू नाइलाज आहे.

परत आलो तेव्हा सात वाजून गेले होते. नऊ पोलीस अजून झोपलेलेच होते, आम्ही प्रत्येकाला तिरपं ओलांडलं. घरासमोर मी उतरलो, येऊ द्या-येऊ द्या केलं. आत चहाचं आधण उकळून उकळून अर्धं झालं होतं. "दूध?" सौभाग्यवतींनी विचारलं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. जावईबापू चालत कोपऱ्यावर गेले.

या गोष्टीला आता वर्ष होईल. परवा पुण्याहून व्हिडिओ कॉल चालला होता. लेकीची चौकशी झाली, हवेची झाली. मग सौभाग्यवतींनी फोन माझ्या हातातून घेतला आणि जावयांना विचारलं, "गाडी बरी आहे ना? आणि यंदा मोदक ट्यूबनं नेऊ नका हं. फडकं ओलं करून घ्या, आणि वाटेत जरा ट्रॅफिक लागेल असं बघून निघा."